आईचं माहेरचं नाव

गेल्या वर्षी माझ्या मुलीने फोनवर माझी एक परवानगी मागितली आणि पुढचे पंधरा दिवस मला प्रार्थना करता आली नाही. गुडघे टेकायचो, डोळे मिटायचो आणि देवापुढे तिच्याशीच भांडायला लागायचो. नेवासे तालुक्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत मी बरीच वर्षं पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, जोडीने वडील म्हणजे ज्येष्ठ कारभारी म्हणून काम पाहतो, रविवारी मुलांना बायबल शिकवतो. माझं डोकं लवकर तापतं हे ती मुलं सांगतील, त्यांच्या आयाही सांगतील.

माझी मुलगी करुणा हैदराबादला नर्स आहे. तिची आई गेल्यावर ती तिथल्या मॉर्मन या वेगळ्या पंथाच्या लोकांच्या सभेला जाऊ लागली आणि पुढे तिने त्यांच्यात पुन्हा बाप्तिस्मा घेतला. ती तापाने फणफणली होती तेव्हा त्यांच्यातल्या बायका रोज डबा घेऊन येत होत्या, आणि आमच्या मंडळीतून साधा फोनही गेला नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. तिने बाप्तिस्मा घेतल्याचं कळलं तेव्हा मी नुसता भडकलो. त्यांच्यात चहा चालत नाही, तो सोडलास तर सोड, म्हटलं, पण बायबलच्या जोडीला दुसरा ग्रंथ कशाला? पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, असं आपण मानतो. ते तिघांना वेगवेगळे मानतात, पित्यालाही हाडामांसाचं शरीर आहे म्हणतात. खरी मंडळी मध्यंतरी जगातून नाहीशीच झाली होती म्हणे, मग तुझी आजी जन्मभर कुठे जात होती? यातला एक शब्दही मी आज मागे घेणार नाही. आवाज मात्र घेतो.

त्यांच्या मंदिरात मेलेल्या माणसांच्या वतीने जिवंत माणसं बाप्तिस्मा घेतात. करुणाला तो आजीसाठी, म्हणजे माझ्या आईसाठी घ्यायचा होता. त्याला जवळच्या नातलगाची संमती लागते. "पप्पा, आजीचं जन्माचं नाव आणि गाव सांगा, आणि हो म्हणा," ती म्हणाली. "सक्ती नसते त्यात. आजीला नको असेल तर ती तिकडे परलोकात नाही म्हणेल."

माझी आई, जी ताप अंगात असतानाही उपासना चुकवत नव्हती, तिचा बाप्तिस्मा अपुरा! मी फोन बंद केला आणि ठरवलं की आईच्या बाप्तिस्म्याचा पुरावाच आणून हिच्या पुढ्यात टाकायचा. आईचं माहेर पुणतांब्याजवळ, गोदावरीच्या काठी. आजोळची माणसं मी लहान असतानाच गेली, त्यामुळे तिकडे जाणं राहिलंच होतं. एका सकाळी एसटी पकडली आणि तिथल्या जुन्या देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जाऊन उभा राहिलो. तरुण पाळकांनी सलाम केला, कपाट उघडलं, बाप्तिस्म्याची रजिस्टरं काढून दिली. आईच्या जन्माच्या आसपासची सगळी पानं मी दोनदा वाचली. आईचं नाव रूथ, पण त्या नावाची एकही मुलगी त्यात नव्हती.

तिचा बाप्तिस्मा झालाच नसेल तर? मुलीचं म्हणणं खरं निघालं तर? सत्तरीला टेकलेला माणूस मी, दुसऱ्यांना विश्वास शिकवणारा, आणि आईच्या आत्म्याचं तारण झालं असेल की नाही या विचाराने मला पुढे वाचवेना, रजिस्टर मिटून टाकलं. बाहेर पायरीवर येऊन बसलो. प्रभू, मला आता काही कळत नाही, एवढंच म्हणालो. पंधरा दिवसांतली ती पहिली खरी प्रार्थना.

आवारातल्या नळावर एक म्हातारी कळशी भरत होती. कपाळावर मोठं कुंकू, पाठीत वाकलेली. मला न्याहाळत म्हणाली, "कुनाचं पाव्हनं?"

मी म्हणालो, "माझी आई इथलीच. रूथ."

"रूथ? त्या नावाची न्हवती कोनी."

"तिचे वडील या चर्चची घंटा वाजवायचे."

म्हातारीने कळशी खाली ठेवली. "आगं बया! सखूचा ल्योक व्हय तू?"

सखू! लग्नात सासरी मुलीचं नाव बदलायची आपल्याकडची रीत, आणि आमच्या ख्रिस्ती घरांतही ती चुकली नव्हती. रूथ हे नाव माझ्या वडिलांच्या घरचं होतं. आईचं पाळण्यातलं नाव मी तिला कधी विचारलंच नव्हतं, हे सांगायला आजही लाज वाटते.

म्हातारी माझ्या शेजारी टेकली. "तुज्या बाळंतपनाला ती माहेरी आल्ती. माजाबी पोरगा तवाच झाल्ता, पन मला दूध न्हवतं. पोरगं रडून रडून निळं पडाया लागलं. आमच्या घरात तुमच्या लोकास्नी उंबऱ्याच्या आत घेत न्हवते. तर ती मागल्या दारानं गोठ्यात यायची, दिसातनं चार डाव. एका अंगाला तू, एका अंगाला माजा बबन. पाजून झालं की त्याच्या डोक्यावर हात ठिवून येशूचं नाव घ्यायची. मला म्हनली, कुनाला सांगू नगं, तुला घरची बोलतील. मी आजवर न्हाई सांगितलं."

मी रडलो, आणि त्या अनोळखी बाईने पदराने माझं तोंड पुसलं. आईने तरी मला हे कधी सांगितलं होतं? तिच्या पोटच्या मुलालाही नाही. मी मात्र शिकवलेला प्रत्येक धडा लोकांना ऐकवत आलो होतो.

पाळक दारात उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "मामा, सखू नावाने पुन्हा बघू या का? सापडेल."

मी म्हणालो, "राहू द्या." ते म्हणताना छाती इतकी हलकी झाली की माझं मलाच नवल वाटलं. ते रजिस्टर मी आजतागायत पुन्हा उघडलेलं नाही.

एसटीची वाट बघत स्टँडवरूनच करुणाला फोन लावला. आधी माफी मागितली, आजारपणात तिला एकटं टाकल्याची. मग गोठ्याची हकिकत सांगितली. शेवटी म्हणालो, "बाळा, मी परवानगी देणार नाही. तारण ख्रिस्ताने आधीच पुरं केलंय, त्यात आपण भर घालायची नसते, असा माझा विश्वास आहे. पण तुझ्याशी बोलणं मी आता बंद करणार नाही." ती म्हणाली, "राहू दे पप्पा, मी नाव देत नाही. आजी गोठ्यात यायची ते परत सांगा."

करुणा अजून तिकडेच जाते. रोज संध्याकाळी आम्ही फोनवर मिळून प्रार्थना करतो. कधी वाद होतो, पण आमेन दोघंही म्हणतो. ती परत येईल का, हे मी देवावर सोडलं आहे, आणि बऱ्याच वर्षांनी मला शांत झोप लागते. आईला देव जन्मापासून ज्या नावाने ओळखत होता ते मला म्हातारपणी, नळावरच्या एका बाईकडून कळलं. म्हणजे तिचं तारण माझ्या माहितीवर एक दिवसही अडलं नव्हतं. मुलीचंही अडणार नाही.