काचेचा पेपरवेट, नग एक

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांइतका काचेला घाबरणारा माणूस अख्ख्या मुंबईत नसेल. आणि त्यांच्या हवाली काय होतं, तर विद्यापीठाच्या कलासंग्रहातल्या काचेच्या एकेचाळीस वस्तू. कारखान्यातल्या बरण्या नव्हेत. कलावंतांनी स्वतः भट्टीपुढे उभं राहून नळीने फुंकलेल्या. एकीला तोंड नाही, दुसरी नुसतीच वाकलेली. मीही त्याच विद्यापीठात. दर मार्चअखेर सामानाची मोजणी माझ्याकडे असे. एक वस्तू दाखवायला त्यांना सरासरी अकरा मिनिटं लागत, म्हणजे एकूण साडेसात तास आणि एक मिनिट. जेवणाची सुट्टी वेगळी.

खोलीत शिरण्यापूर्वी ते घड्याळ आणि अंगठी काढून ठेवत, मलाही काढायला लावत. वहिनींच्या जुन्या सुती साडीचे तुकडे धुऊन, घडी घालून आणत. काच खालून वर पुसायची, तीही श्वास रोखून. एकदा मला शिंक येतेयसं दिसताच "मेल्या, आधी बाहेर हो!" म्हणत त्यांनी मला दंडाला धरून जिन्यापर्यंत नेलं. तोवर शिंक गेली होती. घरी मात्र सगळं स्टीलचं. चहाच्या पेल्याने बोटं भाजायची. वहिनी म्हणायच्या, "भावोजी, मला बांगड्यासुद्धा प्लास्टिकच्या घाल म्हणतात. आता काय करायचं यांचं?"

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला मोजणी बेचाळीस आली. मी तीनदा मोजलं. बेचाळीसच. खालच्या फळीवर, कोपऱ्यात, एक हिरवट, एका बाजूला कललेला गोळा होता. आत एकच बुडबुडा. नंबर नाही.

"हे कुणाचं?"

ते बराच वेळ फडक्याची घडी घालत राहिले. "माझं."

मरोळच्या इस्टेटमध्ये एक काचभट्टी होती. तिथल्या कारागिराला त्यांनी सहा रविवार गळ घातली, सातव्या रविवारी त्याने नळी हातात दिली. "भांडं फुंकायचं होतं रे. भीतीने जोरच लागला नाही. हा गोळा झाला."

"मग घरी ठेवायचा ना."

"यांच्या शेजारी ठेवायलाच केला मी. राहू दे ना. कुणाला दिसतोय?"

"मला दिसला. नोंद नसलेली वस्तू कपाटात सापडली तर उद्या तुमचीच चौकशी लागेल."

साडेसात तास उलटून गेले होते, माझी पाठ दुखत होती. मी कार्यालयीन सामानाच्या वहीत लिहिलं, 'काचेचा पेपरवेट, नग एक', आणि त्यांना वाचून दाखवलं. दोन्ही हातांनी गोळा उचलून त्यांनी तो टेबलावर नेऊन ठेवला, खाली फडकं घालून.

ते निवृत्त झाले त्या दिवशी मीच म्हटलं, "आता तो गोळा घरी न्या."

"आता कसा नेऊ? विद्यापीठाचा झाला ना तो. तूच लिहिलंस." आवाजात राग नव्हता. तेच मला जास्त लागलं.

पुढच्या मार्चात एकेचाळीस वस्तू चाळीस मिनिटांत मोजून झाल्या. नवा माणूस दारातूनच बोट दाखवत होता. गोळा टेबलावर होता, पंख्याखाली फडफडणाऱ्या फॉर्मांवर; चहाचा एक ओघळ त्याच्यावर वाळला होता. नग एक, बरोबर. मी वहीत खूण केली. मग मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं, खिशातला रुमाल काढला आणि गोळा पुसला. खालून वर.