चौकोनी कंसातलं वाक्य

माझा दादा मर्चंट नेव्हीत इंजिनिअर आहे. त्याचं जहाज एका सशस्त्र टोळीने भर समुद्रात अडवलं आणि खलाशांसकट आपल्या बंदरात नेऊन ठेवलं. अजून तो सुटलेला नाही. मी तेव्हा सिंगापूरच्या एका विद्यापीठात पोस्टडॉक करत होते. विषय होता युरोपीय देशांचं परराष्ट्र धोरण. त्यामुळे घरच्यांची समजूत, मी जगाचा कारभार बघते. प्रत्यक्षात मी दुसऱ्यांच्या बैठकांची टिपणं काढायचे.

अशीच एक बैठक शहरातल्याच पाया लेबार भागातल्या एका ऑफिसात ठरली. युरोपातले दोन शेजारी देश; नावं लिहीत नाही. सागरी वाहतुकीच्या सुरक्षिततेवर दोघांना मिळून एक निवेदन काढायचं होतं. मसुदा माझ्या लॅपटॉपवरून पडद्यावर दिसणार, दोन्हीकडचे अधिकारी सांगतील तसा मी तो बदलणार. हे मी पुण्याला फोन करून वहिनीला सांगून बसले, हा माझा मूर्खपणा.

"अगं, मग बोल ना त्यांच्याशी," ती म्हणाली. "इथे माझं कोण ऐकतंय? कंपनीवाले फोनसुद्धा उचलत नाहीत. एक ओळ टाका म्हणावं, आमच्या माणसांना सोडा म्हणून."

"वहिनी, मी तिथे नुसती टाइप करणार गं."

"असू दे. त्या खोलीत तर असशील ना?"



अशा मसुद्यांची एक रीत असते. ज्या शब्दांवर दोघांचं एकमत नाही, ते चौकोनी कंसात ठेवायचे. वाद मिटला तर कंस काढायचा, नाही मिटला तर आतला मजकूरच काढायचा. सकाळपासून माझं तेच चाललं होतं. नुसती 'चिंता' म्हणायचं की 'गंभीर चिंता', यावर सगळ्यांच्या कॉफ्या गार झाल्या. लॅपटॉप मिटून सरळ निघून जावं, इतका संताप येत होता.

जेवायला खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत गेलो, तेव्हा एका देशाच्या अधिकारी बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. बाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. मी भाताला हात न लावता त्यांना दादाचं सगळं सांगून टाकलं. टिपणं काढणाऱ्याने असं करायचं नसतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुपारी खरोखरच एक वाक्य सुचवलं: अडकवून ठेवलेल्या सर्व खलाशांना ताबडतोब सोडावं. मी ते लगेच टाइप केलं.

दुसऱ्या देशाचे गृहस्थ सावरून बसले. "आमचीही माणसं त्या बंदरात आहेत," ते म्हणाले. "त्यांच्यासाठी आतून बोलणी चालू आहेत. आम्ही अशी जाहीर मागणी केली तर ती फिसकटतील." बाई चांगल्या अर्धा तास भांडल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सध्या कंसात ठेवा."

मी कंस घातला. पुढच्या दोन तासांत बाकीचे कंस एकेक करून गेले, तेवढा एक राहिला. साडेपाचला दोघांनी घड्याळं पाहिली.

"ते वाक्य काढा," बाई हळूच म्हणाल्या. "सॉरी."

मी ते डिलीट केलं. त्या गृहस्थांचा धड रागही करता येईना. त्यांच्या माणसांच्याही घरी कुणीतरी फोनपाशी बसलं असेलच की. मग रागवायचं तरी कोणावर?

घरी जाताना बुकित पंजांग स्टेशनवर एलआरटीच्या छोट्या गाडीतून उतरते तोच वहिनीचा फोन आला.

"झालं का गं त्यांचं एकमत?"

"झालं."

"आणि आपली ओळ?"

"होती, वहिनी. दोन तास होती."

"मग? काढली कोणी?"

बाईंचं नाव घेता आलं असतं, त्या गृहस्थांचंही.

"मी," म्हटलं.

तिने फोन ठेवला नाही. मीही नाही.