मास्कखाली जोडलेले हात

“कॅन्सर आहे, पण लवकर सापडला,” बालाघाटच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बायोप्सीचा, म्हणजे गालाच्या आतला तुकडा काढून तपासला त्याचा, रिपोर्ट त्यांच्या हातात होता. मले पहिला शब्दच ऐकू आला.

नागपूरले रेडिएशन ठरलं. म्हणजे किरणांनी रोग जाळायचा. दुखत नाही, सगळे म्हणत. पण मास्कचं कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी तुमाले सांगते.

जाळीचं प्लास्टिक गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ताणतात. थंड झालं की कडक होते. मग ते टेबलाले खटखट अडकवतात. मान हलत नाही, तोंड उघडत नाही. “भीती वाटली तर हात वर करा, आम्ही कॅमेऱ्यात पाहतो,” टेक्निशियन मॅडम म्हणाल्या अन् जाड दरवाजा लागला.

मशीन घरघरलं. वाटलं, जिवंतपणी पुरलं मले. श्वास पुरेना. मी छातीवर दोन्ही हात जोडले. थांबवा माय, थांबवा. कोणीच नाही आलं.

नंतर मॅडम कौतुकानं म्हणाल्या, “आजी, किती शांतपणे प्रार्थना करत होत्या!”

“प्रार्थना कायची? तुमच्या हातापाया पडून राह्यली होती मी!”

माझी सून सुषमा, तिले हिंदीच जास्त जमते, चिडली. “आई, हाथ उठाना था ना!”

“डॉक्टर लोकायवर हात उगारू काय वं? मी नाही येत उद्यापासून. मरण परवडलं.”

मॅडमनं समजावलं नाही. चपला काढून त्या स्वतः टेबलावर निजल्या, कोणाचा तरी जुना मास्क सुषमाले आपल्या तोंडावर दाबून धरायले लावला. उठल्या तेव्हा कपाळावर घाम होता.

डॉक्टरांना विचारून त्यांनी माझ्या मास्कची डोळ्यांवरची जाळी कापून मोकळी केली. “आता खूण तुम्ही सांगा. पाय हलवाल?”

“तुमच्याकडं पाय करू? नाही बाई.”

शेवटी हातात रबरी फुगा दिला. दाबला की बाहेर घंटी वाजते.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झालं अन् मी फुगा दाबला. मशीन थांबलं. मॅडम धावत आल्या, मास्क काढला. “काय झालं आजी?”

“काही नाही माय. खरंच थांबते काय, पाह्यलं.”

त्या हसल्या. मी पुन्हा निजली.

उपचार संपले. स्कॅनचा रिपोर्ट यायचा आहे. बायांनो, तुमच्यावर ही पाळी आली तर मास्क लावायच्या आधीच विचारा, थांबवायचं असलं तर मी काय करू? भीती तर माझी गेली नाही. पण त्या मॅडममुळं, भीत-भीत का होईना, मी रोज आपल्या पायानं त्या टेबलापर्यंत गेली.