मागचा छोटा काटा

अख्ख्या डोंबिवलीच्या मासळीबाजारात ज्यांचा शब्द प्रमाण मानतात आणि ज्यांच्या पोटात आजवर माशाचा साधा काटाही गेलेला नाही, असे गृहस्थ एकच आहेत, ते म्हणजे आमच्या हिचे आतोबा. कोळंबी ताजी की बर्फातली, हे ते दोन हात लांबून सांगतात. तिसऱ्या घेताना एकेक शिंपली बोटाने वाजवून बघतात. हे सगळं कपाळाला गंध लावून आणि खांद्याला कापडी पिशवी अडकवून. त्यांच्या नेहमीच्या कोळणीची पहिल्यापासून खात्रीच होती की हे काका चोरून खातात. एकदा तिने आवाज खाली आणून मायेने विचारलंही, "घरी चालत नसेल तर मी कालवण करून देऊ का?" आतोबांनी तिला सगळं खरं सांगून टाकलं. खाणारा मी नाही, माझ्या घरी एक मासा आहे, त्याला लागतं हे. तेव्हापासून तर तिचा संशय आणखीच पक्का झाला.

मासा मात्र खरोखरच होता. आतोबांच्या बाहेरच्या खोलीत सोफा असायला हवा तिथे भिंतभर काचेची टाकी होती, टाकीत दगडांची कपार आणि कपारीत हा. जांभळट निळा, ताटाएवढा, शेपटीची दोन टोकं मिशीसारखी लांब. आतोबा एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये होते. निवृत्त झाल्यावर लोक गीता वाचतात, यांनी घरात समुद्र करायला घेतला. पाणी गाळायचं, मीठ घालायचं, खारटपणा मोजायचा, पुन्हा गाळायचं. मोजायच्या त्या नळीवर त्यांची इतकी भक्ती की एकदा आमटी खारट झाली असं म्हणताच आत्याने "मोजून सांगा" म्हटलं, तर हे खरोखर पानावरून उठून नळी घेऊन आले. निष्कर्ष असा निघाला की आमटी समुद्रापेक्षा बरीच गोडी आहे. आत्या त्यानंतर दोन दिवस मोजकंच बोलली.

या जातीला इंग्रजीत ट्रिगर म्हणतात, म्हणजे बंदुकीचा घोडा. पाठीवरचा एक मोठा काटा हा मासा भ्याला की उभा करतो आणि कपारीत स्वतःला असा अडकवून घेतो की बाहेरून कितीही ओढा, निघत नाही. शेपूट तेवढी बाहेर राहते. त्याला सोडवायची युक्ती एकच. मोठ्या काट्याच्या मागे एक छोटा काटा असतो, तो दाबला की पुढचा आपोआप मिटतो. हे आतोबा भेटेल त्याला दोन बोटांनी करून दाखवत आणि वर तत्त्वज्ञान सांगत, "प्रत्येक आडमुठ्या माणसाला मागे असा एक छोटा काटा असतो. तो शोधावा. पुढून ओढत बसू नये." जगात आडमुठे कोण कोण आहेत याची त्यांना चांगली माहिती होती, स्वतःचं नाव तेवढं त्यात नव्हतं.

आमचं लग्न ठरत होतं तेव्हा मी कोपरीचा, मासे खाणाऱ्या घरातला, म्हणून हिच्याकडची मंडळी जरा नाराज होती. आतोबांना मी नेमका त्यासाठीच पसंत होतो. त्यांनी मला टाकीपुढे उभं केलं आणि म्हणाले, ओळखा. मी जन्मभर मासे बघितले होते ते तव्यावर. घाबरून म्हणालो, पापलेट. त्यांनी आत जाऊन मुलगा चांगला आहे पण निरीक्षण नाही, असा निकाल दिला. ओळखण्याच्या बाबतीत त्यांच्याकडे दयामाया नव्हती. ठाण्याच्या दुकानदाराने हा मासा बोटाएवढा असताना भलत्याच नावाने विकला होता. आतोबांना शंका आली. त्यांचं म्हणणं, ही लाल दातांची जात असणार, पण पोर लहान, दात कुठे दिसतायत? मग काही महिने हे टॉर्च घेऊन त्याच्या जांभईची वाट बघत बसले. एका संध्याकाळी विडा खाल्ल्यासारखे लाल दात दिसले आणि त्यांनी सगळ्या इमारतीत पेढे वाटले. कशाचे म्हणून कोणी विचारलं की म्हणायचे, दात आले. शेजाऱ्यांना वाटलं नातवंडाला आले.

आत्याने या सगळ्यात सीमारेषा आखून घेतली होती. माशाच्या खाण्याचा वेगळा छोटा फ्रीज गॅलरीत, त्याची सुरी वेगळी, आणि ती स्वतः टाकीला कधी बोट लावणार नाही. माशाला ती 'ते' म्हणायची. तुमचं ते आज जेवलं नाही वाटतं. तुमच्या त्याने दगड पाडला बघा. एकादशीला आतोबा माशालाही उपास घडवत, अधूनमधून त्याच्या प्रकृतीला बरा असतो म्हणून. तेवढ्या एका दिवशी आत्याच्या नजरेत त्याच्याबद्दल थोडा आदर दिसे.

मग इमारत पाडून नवीन बांधायचं ठरलं. डोंबिवलीत हल्ली हे सर्दीपडशासारखं झालंय, एका इमारतीला झालं की शेजारच्या इमारतीला होतंच. इमारत जुनी, भेगा पडलेल्या, म्हणून आधी सगळ्यांत उत्साही आतोबाच होते. पण भाड्याचं घर शोधायला निघाले आणि कळलं की माशासकट त्यांना कोणी ठेवून घेत नाही. एका ठिकाणी टाकीच्या वजनाने स्लॅब बसेल म्हणाले. एका सोसायटीत नॉनव्हेज चालत नव्हतं. आतोबांनी सांगितलं, आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. त्यावर तिथले सेक्रेटरी म्हणाले, तुम्ही असाल हो, पण मासा कोळंबी खातो ना? दुकानदार परत घेईना, हा इतरांना चावतो म्हणून. कोणीतरी खाडीत सोडा असं सुचवलं, त्याच्याशी आतोबांनी बोलणंच टाकलं.

बघता बघता इमारत रिकामी झाली. जिन्यात दिवे बंद, दारं काढून नेलेली, आणि तिसऱ्या मजल्यावर एकट्या टाकीचा पंप घुरघुरतोय. आतोबांनी जाहीर केलं की मी इथून हलणार नाही. कमिटी येऊन गेली, बिल्डरचा माणूस येऊन गेला, शेवटी मला पाठवलं. मी ठरवून गेलेली सगळी वाक्यं बोलून टाकली. ते टाकीकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "माणसाला समजावून सांगता येतं रे. याला सोडून गेलो तर मी का गेलो, हे याला कधीच कळणार नाही." मी चहा न घेताच निघालो.

त्या दिवसांत आत्या दुपारची घरात नसायची. भजनाला जाते, असा सगळ्यांचा समज होता. पुढच्या वेळी मी गेलो तर ती नुकतीच बाहेरून आली होती. चपला काढता काढता तिने सांगितलं, "खाडीकडच्या गावात घर बघून आलेय. तळमजला आहे, टाकी पेलेल. वीज फारशी जात नाही, चार घरी विचारून घेतलं. मालकीण आगरी आहे, म्हातारी. तिला म्हटलं मासा आहे, चालेल का? तर म्हणाली, आमचे घरान म्हावरा नाय चालं त काय चालं?" आतोबांनी घर कसं आहे, भाडं किती, काहीही विचारलं नाही. उठले आणि पाणी भरायला मोठे पिंप कुठे मिळतील ते मला विचारू लागले. आम्ही सगळे इतके दिवस पुढूनच ओढत होतो.

सामान हलवायच्या दिवशी टाकीतलं पाणी काढायला लागलो तसा मासा भ्याला आणि कपारीत घट्ट अडकून बसला. शेपूट तेवढी बाहेर. आतोबा बाही वर करून पुढे झाले. ज्या क्षणाची तालीम ते वर्षानुवर्षं दोन बोटांनी करत आले होते तो आला, आणि त्यांची बोटं कपारीत जाईनात. संधिवाताने सांधे सुजलेले. या बाजूने, त्या बाजूने करून बघितलं. खाली टेम्पोवाला हॉर्न देत होता. हमालांतला एक म्हणाला, दगड फोडू का? आतोबांनी मान हलवली आणि ओला हात तसाच धरून उभे राहिले. इतकं हरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आत्या आत देव बांधत होती. ती बाहेर आली, पदर खोचला, बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या.

"कुठे दाबायचं ते सांगा."

"अगं, तू..."

"सांगा लवकर. घाबरलाय तो."

आतोबा सांगत गेले. आधी मोठा काटा लागेल, तो सोड, त्याच्या मागे जा. जन्मभर तांदळातले खडे वेचलेली तिची बारीक बोटं कपारीत शिरली. तिने डोळे मिटून घेतले होते. "लागला," ती म्हणाली, आणि मासा अलगद मोकळा होऊन आतोबांनी पुढे केलेल्या टबात आला. मग तिने हात धुतले, मग आंघोळ केली, आणि मगच उरलेले देव बांधले. पण तिच्या तोंडचं 'ते' त्या दिवशी जे गेलं ते गेलंच.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. जुन्या इमारतीच्या जागी अजून खड्डाच आहे. मासा मजेत आहे. मालकीणबाई रोज संध्याकाळी येऊन त्याच्यापुढे बसतात आणि एवढा मोठा म्हावरा नुसता बघायचा, म्हणून हळहळतात. आतोबा थकलेत, हे मात्र मला प्रथमच जाणवलं. नवीन घराचा विषय निघाला तसं ते म्हणाले, आमचं काही सांगता येत नाही, पण याचं आयुष्य बरंच असतं, हा नक्की जाईल तिथे राहायला. म्हणताना हसले.

आत्या माझ्याकडे वळली.

"जावईबापू, हात धुऊन या. मागचा काटा कुठे असतो ते तुम्हाला दाखवून ठेवते. आणि साबण लावू नका, त्याला चालत नाही."

मी हात धुवायला उठलो.