रियालचा भाव

तासगावचा रसूल मस्कतला गेला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. तिथं एका कंपनीत एसी दुरुस्तीचं काम होतं. त्या वर्षी एका रियालला एकशेदहाच्या आसपास रुपये मिळायचे. पुढं पगार फारसा वाढला नाही, पण घरी पोचणारी रक्कम मात्र दर दोन-चार वर्षांनी फुगत गेली. गल्लीतल्या लोकांना वाटायचं, रसूलला बढती मिळाली. बरीच वर्षं रसूललाही तसंच वाटायचं.

घराचा वरचा मजला चढवायला तो सुट्टीवर आला, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. सळी, सिमेंट, गवंड्याची रोजची मजुरी, सगळंच त्या रकमेच्या जोडीनं वाढलं होतं. रियाल होता तिथंच होता. रुपयाच खाली सरकत होता.

२०१३ साली त्यानं कायमचं परतायचं ठरवलं. तिकीटही काढलं. मुलगी सिमरन तेव्हा नऊ वर्षांची होती. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रुपया कोसळला. पैसे पाठवायच्या दुकानापुढं आपल्याकडच्या कामगारांची रांग लागली, सगळ्यांचे चेहरे ईद असल्यासारखे. रसूलही त्या रांगेत उभा राहिला. असा भाव सोडून घरी जाणं त्याला खुळेपणाचं वाटलं. तिकीट रद्द करून त्यानं बायकोला, समीनाला, फोन केला. दोनच वर्षं आणखी, म्हणाला. ती बरं म्हणाली.

त्या दोनाची नऊ झाली. सिमरनचे उरलेले दुधाचे दात पडले, नवे आले, ती दहावी झाली, बारावी झाली. हे सगळं त्याला फोनवर कळलं. २०२२ मध्ये रियालनं दोनशेचा आकडा ओलांडला, तेव्हा त्यानं पुन्हा फोन लावला. भाव अजून चढेल असं सगळे म्हणतात, एवढं वर्ष काढतो, असं सांगितलं.

समीना म्हणाली, "आवं, रुपया काय पडायचा थांबत न्हाई. आता तुमीच थांबा."

दिवाळीच्या आधी तो परतला. सिमरननं त्याला पाहुण्यांच्या कपात चहा दिला आणि समोर अवघडून उभी राहिली. मैत्रिणीकडं जाऊ का, हेही ती आईलाच विचारायची. रसूल कप हातात धरून बराच वेळ बसला.

आता तो द्राक्षांच्या शीतगृहात यंत्रं सांभाळतो. मालक नानासो द्राक्षं परदेशी पाठवतात. रुपया पडला की ते खूश असतात, आणि बाहेरून येणारा यंत्राचा सुटा भाग मागवायची वेळ आली की त्याच रुपयाला शिव्या घालतात. रसूल ऐकून घेतो. रोज भाव बघायची सवय त्यानं सोडलीय.

सिमरन विश्रामबागच्या कॉलेजला एसटीनं जाते. परवा रसूल तिच्यासाठी फॉर्मचे फोटो आणायचं साफ विसरला. ती चिडली. "अब्बा, एक काम सांगितलं तर तेबी तुमच्या ध्यानात ऱ्हात न्हाई!" म्हणून पाय आपटत आत गेली.

आतून समीना तिला दटावायला निघाली होती. रसूलनं हातानंच तिला थांबवलं. चपला घालून तो फोटो आणायला बाहेर पडला. लय दिवसांनी त्याला आपल्या घरात आल्यासारखं वाटत होतं.