चमच्यावरचे दात

भुताखेतांचं कोणी सांगू लागलं की मी सरळ उठून स्वयंपाकघरात जायची. बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच घरातले अंगारे-गंडे गेले, आणि पुढे मी शाळेत विज्ञान शिकवलं. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटते आहे... पण लिहिते.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आम्ही कोराडीच्या कॉलनीत राहायचो, हे वीज केंद्रात कामाला. अंगणात यांच्या पायात खिळा गेला, यांनी हळद लावली आणि विसरले. मग धनुर्वात. नागपूरच्या दवाखान्यात यांना अंधाऱ्या खोलीत ठेवलं होतं — त्या आजारात उजेड-आवाज सोसत नाही, नुसतं दार वाजलं तरी अंग ताठ होतं. जीभ चावली जाऊ नये म्हणून चमच्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळून दातांत धरवायचे. अशाच एका झटक्यात यांचे समोरचे वरचे दोन दात तुटले. पण हे वाचले. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात.

कसले नशीबवान. गल्लीच्या टोकापासून सायकलवर गाणं म्हणत येणारा माणूस घरी आला तो खिडक्यांना चादरी लावून बसला. वीज बनवणाऱ्याच्या घरात बल्ब लागेना. भांडं पडलं की थरथरायचे. "धीरे वं सुमन... झटका येते," म्हणायचे. मला माझा नवरा परत हवा होता, बाकी काही नको होतं.

तो चमचा यांनी घरी आणला होता, उशाशी ठेवून झोपायचे. रोज सकाळी पट्टीवर दातांच्या ताज्या, ओल्या खुणा. झोपेत चावत असतील म्हणून मी रोज नवी पट्टी गुंडाळायची. एकदा चमचा अंगणात उजेडात नेऊन नीट पाहिला. खुणा सलग होत्या. तुटलेल्या दोन दातांच्या खुणाही त्यात होत्या.

मी यांना चमचा चावायला लावला — मध्ये मोकळी जागा उमटली. स्वतः चावून पाहिला. माझे दात बारीक. घरात तिसरं कोणी नव्हतं. शेवटी चमचा ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं, किल्ली पदराला बांधली. सकाळी पट्टी ओली, खुणा पूर्ण.

वाटलं, खुणा दाखवल्या तर हे घाबरतील. दाखवल्या तर उलट शांतपणे म्हणाले, "माहेच दात आहेत ते. मी तिथंच पडून राहिलो ना वं. तुले काहून वाटते मी घरी आलो म्हणून?"

 त्या संध्याकाळी मी पट्टी जाड गुंडाळली.

मग एका सकाळी पट्टी कोरी निघाली. दुसऱ्या दिवशीही कोरी. मला इतका आनंद झाला की मी चादरी काढल्या, बल्ब लावला, कोथिंबीर भरून सांबारवड्या तळल्या. हे उजेडात थरथरले नाहीत. चमचा हातात घेऊन पट्टीवरून अंगठा फिरवत राहिले.

"सुटला बिचारा," म्हणाले. "लय सोसलं त्यानं."

त्यानंतर यांना कसलीच भीती वाटली नाही. ड्युटी केली, रिटायर झाले. पण गाणं नाही, भांडण नाही, नाव घेऊन हाक नाही. डॉक्टरांच्या लेखी पूर्ण बरे. आता समोर बसून जेवतात, मी वाढते. त्या खुणा कशा उमटायच्या, मला आजही कळलेलं नाही.

रोज संध्याकाळी मी अजून चमच्याला नवी पट्टी गुंडाळते. सकाळी ती कोरी असते.