शेवटची चार पानं

माझ्या सुमनआत्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन एका खुनामुळे लांबलं, आणि तो खून मीच केला अशी नांदेडच्या त्या दवाखान्यात बऱ्याच जणांची खात्री पटली होती.

आमचा हिंगोली जिल्हा नवा नवा झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. मी मूळचा शिरड शहापूरचा, पण कॉलेजसाठी कळमनुरीला आत्याकडे राहायला होतो. आत्याच्या यजमानांची (त्यांना आम्ही मामा म्हणतो) पिठाची गिरणी होती. मामा दळण दळायचे आणि आत्या वजनकाट्याशेजारी खुर्ची टाकून रहस्यकथा वाचायची. गिरणीचा पट्टा कानाशी धडधडत असायचा आणि ही आपली पानांमागून पानं उलटतेय! कोणी गिऱ्हाईक "बाई, ज्वारी बारीक दळा" म्हणालं की मान वर न करता म्हणायची, "थांबा वो जरा, आत्ताच मुडदा सापडलाय." खुणेसाठी ती पानात कडब्याचं पातं ठेवायची. तिनं परत केलेलं पुस्तक वाचनालयातले सर आधी पायरीवर आपटायचे आणि एका भाकरीपुरतं पीठ झडलं की मगच कपाटात ठेवायचे.

तिला फक्त खून लागायचे. हातात प्रेमकथा पडली आणि सुरुवातीच्या पाच-पंचवीस पानांत कोणी मेलं नाही, की पुस्तक मिटलंच. भुताच्या गोष्टींवर तर तिचा खास राग होता. "भूत म्हंजे लिवनाऱ्याचा आळस! खुनी सापडना झाला की आनलं भूत."

माझं वाचन अर्थातच उच्च दर्जाचं होतं. बी.ए.ला मी मराठी घेतलं होतं आणि ज्यात काहीही घडत नाही अशाच कादंबऱ्या वाचायचो. नायक खिडकीशी बसलाय, समोर चहा निवतोय, चाळीस पानं झाली तरी चहा निवतोच आहे... त्यातलं निम्मं मला समजत नसे, पण न समजण्याचा अभिमान फार वाटे. ज्याला शेवटच नाही असं पुस्तक तर माझ्या लेखी सर्वश्रेष्ठ! तसलं एखादं काखेत मारून मी गिरणीसमोरून मुद्दाम चकरा मारायचो.

"काय वाचून राहिला रं, दिल्या?" आत्या विचारायची.

"मानसाच्या एकटेपनावर हाय."

"मंग, मेलं का कुनी?"

"न्हाई."

"व्हय, एकटाच हाय म्हनल्यावर त्याला मारनार तरी कोन!"

तर अशा या आत्याच्या पित्ताशयात खडे निघाले. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, उशीर करू नका, जिवावर बेतेल. दिवस ठरला. आत्यानं पिशवीत साड्या भरल्या आणि हातातलं पुस्तक संपवायला बसली. त्यात एका कारखानदाराला दुधातून विष देऊन मारलं होतं आणि बायकोपासून भाच्यापर्यंत घरातला प्रत्येक माणूस संशयित होता. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी गिरणीतून तिची अशी किंकाळी आली, की मामांनी मशीनच बंद केली आणि मी उघड्या पायांनी धावलो. आम्हाला वाटलं, खडा सरकला!

"काय झालं? लई दुखून राहिलं का?" मामांनी विचारलं.

"शेवटची चार पानं न्हाईत!" आत्या म्हणाली.

मी तसाच वाचनालयात गेलो. सरांना त्याचं काहीच वाटलं नाही. "शेवटचीच पानं जात असतेत. तंबाखूच्या पुडीला तीच हाताला लागतेत." दुसरी प्रत नव्हती.

परत येऊन हे सांगितलं, तर आत्या पिशवी रिकामी करायला लागली. "खून कोनी केला ते कळल्याबिगर मी नांदेडला येनार न्हाई."

"आगं, तुझा जीव का ते पुस्तक?" मामा म्हणाले.

"मला भूल देनार हायत ना? अन् उठलेच न्हाई तर? खुनी म्हाईत नसताना तसंच जायाचं का म्या?"

असं म्हणून ती हसली, पण घडी केलेली साडी तिनं दोन्ही हातांनी गच्च आवळून धरली होती. आत्या कधी घाबरते हे मला माहीतच नव्हतं. त्या दिवशी ती घाबरलेली होती. हिला काहीही करून नांदेडला न्यायचंच, असं मी ठरवलं.

सुरुवात मी साहित्यापासून केली. "आत्या, खुनी कोन हे महत्त्वाचं नसतंय. खरा खुनी समाज असतोय."

"मंग बेड्या समाजाच्या कोन्त्या हातात घालतेत रं?"

साहित्य मी तिथंच गुंडाळलं.

शेवटी मी थाप मारली. हिंगोलीला माझ्या मित्राकडे हेच पुस्तक आहे, संध्याकाळपर्यंत शेवट घेऊन येतो म्हणालो, आणि ते पुस्तक घेऊन कळमनुरीच्या बसस्टँडवर जाऊन बसलो! फुलस्केप कागद काढले आणि शेवटची चार पानं स्वतःच लिहायला घेतली. एकच अडचण होती. पुस्तक मी वाचलेलं नव्हतं. (माझ्यासारख्या माणसानं रहस्यकथा वाचायची?) मधूनमधून चाळलं, तर सुरुवातीलाच एक तिरळा कंपाउंडर बाटल्या घेऊन फिरताना दिसला. तिरळा आणि वर हातात बाटल्या! मी त्यालाच खुनी केला. मावळत्या आकाशावर एक परिच्छेदही घातला, तो मला फार साधला होता.

"झेरॉक्सवाल्याकडं लाईट नव्हती, हातानंच उतरून आनलं," मी घरी येऊन सांगितलं.

आत्यानं कागद कपाळाला लावले आणि पिशवीत ठेवले. "दवाखान्यातच वाचते. तितं मन रमवायला कायतरी पायजे ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडच्या दवाखान्यात सिस्टरनं आत्याला ऑपरेशनआधीचं गुंगीचं इंजेक्शन दिलं. मग आत्यानं चष्मा लावला आणि माझे कागद उघडले. मावळत्या आकाशाचा परिच्छेद तिनं बोट फिरवून ओलांडला. (लागलं मला ते!) पुढं वाचता वाचता तिच्या भुवया वर जाऊ लागल्या.

"कंपाउंडर?"

"व्हय. मलाबी धक्काच बसला."

"आरं, कंपाउंडर चौथ्या प्रकरनात हिरीत पडून मेलाय! मेलेला मानूस सातव्या प्रकरनात दूध कसं नेऊन देईल?"

"आत्या... त्याचं भूत..."

"दिल्या!"

तेवढ्यात दोन वॉर्डबॉय आले आणि तिची ट्रॉली ढकलू लागले. आत्या गुंगीत होती, पण मेंदू चालूच होता. "थांबा, थांबा... दूध कोन आनून दिलं... वरच्या खोलीची किल्ली कोनाकडं हुती..." ट्रॉली आत गेली, दार मिटलं, आणि आतून तिचा आवाज सगळ्या दवाखान्याला ऐकू गेला.

"भाच्यानं! भाच्यानंच दुधात इख घातलं! मला पैल्यापासून त्याच्यावर डाऊट हुता!"

सिस्टर पळत बाहेर आली. "पेशंटचा भाचा कोण आहे?"

मामांनी भोळेपणानं माझ्याकडं बोट दाखवलं.

पुढं काय झालं ते एका दमात सांगतो, कारण घडलंही एका दमातच. वॉचमननं दारात काठी आडवी लावली. शेजारच्या पेशंटचे नातेवाईक डबे बाजूला ठेवून उभे राहिले.

"काय झालं वो?"

"भाच्यानं आत्याला इख पाजलं म्हने."

"कशापायी?"

"गिरनी हाय म्हने तिची."

"दिसायला तर गरीब हाय पोरगं."

"असलेच असतेत!"

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "दिल्या, लेकरा, काहून रं? गिरनी पायजे हुती तर तोंडानं मागायची ना. म्या आजच लिहून दिली असती."

"मामा! तुमीबी?"

एवढ्यात डॉक्टर बाहेर आले. ते विषापेक्षा दुधावर जास्त चिडले होते. "पेशंटला उपाशी ठेवायला सांगितलं होतं ना? दूध कुणी पाजलं?"

"कुणीच नाही, डॉक्टर."

"मग दूध कुठलं?"

"पुस्तकातलं."

"आणि विष?"

"तेही पुस्तकातलंच."

"आणि भाचा?"

"भाचा..." मी जरा घुटमळलो. "भाचा दोन्हीकडं आहे."

पुराव्यादाखल मी आत्याची पिशवी पालथी केली. पुस्तक फरशीवर आपटलं, पिठाचा ढग उठला आणि डॉक्टरांना सटासट शिंका आल्या. डोळे पुसत त्यांनी पुस्तक उचललं, वरचं चित्र पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "हे? अहो, हे मी मेडिकलला असताना ऐन परीक्षेत वाचलंय!"

"मंग खुनी कोन वो?" मघाचे ते डबेवाले नातेवाईक पुढं सरकले.

डॉक्टरांनी पुस्तक माझ्या हातात कोंबलं. ते दार ढकलून आत्याजवळ गेले. "बाई, खुनी कोण ते मला माहीत आहे."

आत्यानं जड डोळे उघडले. "सांगा."

"आधी ऑपरेशन. शुद्धीवर आलात की लगेच सांगतो."

"इमानानं?"

"इमानानं."

"मंग आटपा की वो लवकर!"

दार बंद झालं. मामा आणि मी बाकावर बसलो. त्यांचा माझ्यावर पुन्हा विश्वास बसला होता, पण चहाचा थर्मास त्यांनी माझ्यापासून जरा लांबच ठेवला. मला मात्र चहा सुचत नव्हता. शेवट नसलेली एवढी पुस्तकं मी मोठ्या तोऱ्यात मिरवली होती, आणि आता त्या बंद दारासमोर बसून मला एक साधासुधा, गोड, बाळबोध शेवट हवा होता. त्याच्यासाठी मी हात जोडून बसलो होतो.

दुपार कलल्यावर आत्यानं डोळे उघडले. मामा रडायलाच लागले. तिनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. डॉक्टरांकडं बघत कोरड्या पडलेल्या ओठांनी तिनं एकच शब्द विचारला.

"कोन?"

डॉक्टर खाली वाकले. "भाचा."

"म्या म्हनलंच हुतं," असं पुटपुटून तिनं समाधानानं डोळे मिटले. मग एकच डोळा उघडून माझ्याकडं रोखला. "अन् तू! कंपाउंडर म्हने!"

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. आत्या ठणठणीत आहे. मी लेखक झालो. माझ्या कथांत अजूनही माणूस खिडकीशी बसतो आणि त्याचा चहा निवतो. लिहिलेलं सगळं मी आत्याला गिरणीत नेऊन देतो, तशी ही आठवणही परवा तिला वाचून दाखवली. ती पोट धरून हसली. वाचून झाल्यावर तिनं माझ्या हातातून कागद घेतले, शेवटचं पान उलटून मागची कोरी बाजू नीट पाहिली आणि मशीनच्या आवाजावर आवाज चढवून मामांना हाक मारली.

"अवो, ऐकलं का? ह्याच्याबी शेवटची चार पानं कुनीतरी फाडून नेली बगा!"